मराठी शाळेतील पहिली ते तिसरीच्या मुलांना इंग्रजी वाचन कोणत्या क्रमाने शिकवावे?

प्रश्न
शिक्षिका, सरकारी मराठी प्राथमिक शाळा, खानापूर तालुका

सर्व शिक्षक मंडळींना नमस्कार.

खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातील एका लहान शाळेत मी शिकवते. पहिली ते तिसरीची मुले नली-कली (वेगवेगळ्या इयत्तांच्या मुलांना एकत्र, गटांत आणि कृतींतून शिकवण्याच्या) पद्धतीने एकाच खोलीत बसतात आणि त्यांचे इंग्रजीही माझ्याकडेच आहे. आपल्या कर्नाटक राज्यात 2007 पासून पहिलीलाच इंग्रजी विषय आलेला असल्यामुळे तो लवकर सुरू करावा की उशिरा, हा वाद मला येथे काढायचा नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला तो नीट कसा शिकवावा, एवढेच समजून घ्यायचे आहे.

माझ्या वर्गातील तिसरीची मुले फळ्यावरील इंग्रजी वाक्य वळणदार अक्षरांत उतरवून घेतात आणि पाठाखालील प्रश्नांची उत्तरे न अडखळता म्हणतात. मात्र त्याच अक्षरांचा एखादा न शिकवलेला शब्द समोर ठेवला की ती थांबतात. ‘सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ हे सर्वांना येते, पण ‘सी’च्या जागी ‘आर’ ठेवून शब्द विचारला तर बहुतेक मुले माझ्या तोंडाकडे पाहत राहतात. हीच मुले मराठीतील न शिकवलेला परिच्छेद सावकाश का होईना, पण स्वतः वाचून दाखवतात. म्हणजे वाचनाची क्षमता त्यांच्यात आहे आणि तरीही ती इंग्रजीकडे वळत नाही, हे मला फार सलते.

इंग्रजी बोलण्याचा सराव आधी करून घ्यावा की अक्षरांचे उच्चार आधी शिकवावेत, याबद्दल प्रशिक्षणांत वेगवेगळे सांगितले जाते. प्रत्येक इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून देण्याची आमच्याकडे जुनी पद्धत आहे आणि पालकांनाही ती सोयीची वाटते, पण त्यामुळे मुले इंग्रजी अक्षरांकडे पाहतच नाहीत की काय, अशी शंका मला येते. इंग्रजीच्या तासाला मराठीत किती बोलावे, हेही ठरवता येत नाही, कारण पूर्ण इंग्रजीत बोलले तर पहिलीतील मुले गप्प होतात. त्यातच मराठी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या मुलांपुढे जवळजवळ एकाच वेळी येतात. ज्यांनी असे वर्ग प्रत्यक्ष चालवले आहेत, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर
निवृत्त प्रशिक्षक, बेळगाव

ताई, नमस्कार. प्राथमिक शिक्षकांच्या इंग्रजी प्रशिक्षणाचे काम मी बरीच वर्षे केले आहे, त्या आधारावर लिहितो.

‘सी ए टी कॅट’ म्हणणारे मूल तीन अक्षरांची नावे घेते आणि त्यांच्यापुढे एक पाठ असलेला शब्द म्हणते. ही तीन नावे कितीही भराभर म्हटली तरी त्यांतून ‘कॅट’ हा उच्चार निघत नाही. आपल्या लिपीत अक्षराचे नाव आणि त्याचा उच्चार एकच असतो. ‘क’ला आपण ‘क’ म्हणतो आणि शब्दातही तो ‘क’ असाच वाचतो. म्हणूनच तुमची मुले मराठीतला नवा परिच्छेद वाचतात. इंग्रजीत अक्षराचे नाव एक आणि काम दुसरे, ही गोष्ट मुलांना कोणी स्पष्ट करून सांगितलेली नसते. ‘आर’ या नावामागे ‘र्’ हा ध्वनी आहे आणि वाचताना नाव बाजूला ठेवून ध्वनी घ्यायचा आहे, हे पहिल्यापासून शिकवले तर ‘कॅट’ येणाऱ्या मुलाला ‘रॅट’ वाचता येतो.

इंग्रजीत 26 अक्षरे आणि साधारण 44 ध्वनी आहेत. पाच स्वराक्षरांवरच जवळपास वीस स्वरध्वनींचा भार पडतो. म्हणून ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत सगळी अक्षरे आधी संपवायची आणि मग शब्दांकडे वळायचे, हा क्रम मुलांना फार काळ ताटकळत ठेवतो. ध्वनीवर आधारलेल्या अनेक अभ्यासक्रमांत ‘एस, ए, टी, पी, आय, एन’ ही सहा अक्षरे आधी घेतात, कारण तेवढ्यांतून लगेच शब्द तयार होऊ लागतात. आपल्या मुलांच्या बाबतीत मी यात एक भर घालीन. शब्द असे निवडावेत की जे मूल घरी मराठी बोलतानाही वापरते. पिन, टिन, पॅन हे शब्द त्या सहा अक्षरांतच बसतात. पुढे थोडी अक्षरे वाढवली की बस, कप, मग, टब, बॅग, फॅन, बॅट, रन येतात आणि जोडव्यंजने सुरू झाली की पंप, प्लग, क्लिप, बेल्ट, लॅम्प येतात. शेतावरचा पंप आणि केसांतली क्लिप आपल्या कोणत्याही वाडीवरच्या मुलाला ठाऊक असते. शब्द वाचताक्षणी अर्थ मनात उमटला की वाचणे म्हणजे काय, ते मुलाला कळते. ज्यांचा अर्थ सांगत बसावे लागते असे तीन अक्षरी शब्द केवळ नियमात बसतात म्हणून पहिल्या महिन्यांत देऊ नयेत.

येथे आपल्या लिपीच्या सवयीमुळे एक अडथळा येतो. मराठी मूल ‘पी’चा ध्वनी ‘प’ असा, म्हणजे आत ‘अ’ मिसळूनच म्हणते. मग जोडताना ‘प-इ-न’चे ‘पइन’ होते आणि शब्द ओळखू येत नाही. यावरचा उपाय मुलांच्याच हाताशी आहे. पाय मोडलेले अक्षर त्यांना मराठीत माहीत असते. इंग्रजीतील व्यंजने सगळी पाय मोडलेली आहेत आणि स्वर त्यांच्यापुढे स्वतंत्र उभा राहतो, असे सांगितले की त्यांना ते चटकन उमगते. शिवाय आपली मुले बाराखडीत वाढलेली असल्यामुळे व्यंजन आणि त्याचा स्वर एका दमात घेण्याची त्यांना सवय असते. म्हणून ‘प्, इ, न्’ असे तीन तुकडे करून जोडण्याऐवजी आधी ‘पि’ आणि मग ‘न्’ असे जोडून घ्यावे. माझ्या पाहण्यात ही जोडणी मुलांना लवकर जमते. (ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येत असूनही आपण ती अक्षराच्या आधी काढतो आणि आपल्या मुलांना त्याचे काहीच वाटत नाही. तेव्हा लिपीतील विसंगती पेलण्याची ताकद त्यांच्यात आहे, याची खात्री बाळगावी.)

आता बोलणे आधी की उच्चार आधी, याविषयी. 1986 मध्ये गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी वाचनाचे एक साधे सूत्र मांडले. अक्षरांवरून शब्द उलगडणे आणि ऐकलेली भाषा समजणे, या दोहोंचा गुणाकार म्हणजे वाचन. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असली तरी हाती शून्यच येते. अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन समितीने 2000 मध्ये ध्वनीची जाण, अक्षर-ध्वनी संबंध, ओघ, शब्दसंपत्ती आणि आकलन अशी वाचनाची पाच अंगे सांगितली आणि आज आपल्याकडील प्रशिक्षणांतही ती सांगितली जातात. तथापि ती ज्या संशोधनावर उभी आहेत, त्यातील मुले प्रामुख्याने इंग्रजी कानावर घेऊनच शाळेत आलेली होती. ज्यांची घरची भाषा वेगळी आहे, अशा मुलांविषयी तेथेच 2006 मध्ये दुसऱ्या समितीचा अहवाल आला. त्याचा निष्कर्ष असा होता की ही पाच अंगे त्यांनाही उपयोगी पडतात, पण तेवढ्याने भागत नाही. तोंडी इंग्रजीचा पाया स्वतंत्रपणे घालावा लागतो आणि मातृभाषेतील वाचन पक्के असेल तर त्याचा फायदा इंग्रजीला मिळतो. आपल्या शाळांना हा दुसरा अहवाल अधिक लागू पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून पहिलीचे वर्ष बहुतांशी कानाचे आणि तोंडाचे ठेवावे. ‘स्टँड अप’, ‘टच द डोअर’, ‘गिव्ह मी द रेड बॅग’ अशा सूचना ऐकून कृती करण्यापासून सुरुवात करावी. मूल कृती बरोबर करते आहे आणि बोलत नाही, म्हणून त्याला बोलायला लावू नये. ते ऐकून साठवत असते आणि त्याला तो अवकाश मिळाला पाहिजे. चित्रांची गोष्ट रोज वाचून दाखवावी. एकच गोष्ट आठवडाभर वाचली तरी मुले कंटाळत नाहीत, उलट पुढचे वाक्य आधीच म्हणू लागतात. दुसरीत ध्वनी आणि अक्षरे रोज थोडा वेळ, न चुकता घ्यावीत. तिसरीत मुले लहान वाक्ये स्वतः वाचू लागावीत, असे उद्दिष्ट ठेवावे.

मराठीचा वापर निःसंकोच करावा. गोष्टीवर चर्चा मराठीत होऊ द्यावी, मुलाने ऐकलेली इंग्रजी गोष्ट स्वतःच्या शब्दांत मराठीत सांगितली तर ते आकलनच आहे आणि त्याला पूर्ण गुण द्यावेत. फक्त एक पथ्य पाळावे. प्रत्येक इंग्रजी वाक्यामागे लगेच मराठी अर्थ जोडण्याची सवय लावू नये, कारण अर्थ येणारच आहे हे कळले की मूल इंग्रजी ऐकणे सोडते. आधी इंग्रजीत सांगावे, चित्राने किंवा हावभावाने अर्थ पोहोचतो का पाहावे, न पोहोचल्यास एकदा मराठीत सांगून पुन्हा इंग्रजीत म्हणावे. देवनागरी उच्चार प्रथम परिचयापुरता फळ्यावर लिहून पुसून टाकला तर मला त्यात गैर वाटत नाही.

उत्तर
शिक्षिका, निपाणी तालुका

सरांनी लिहिलेले बहुतेक सर्व मला पटते. देवनागरीच्या बाबतीत मात्र माझे मत त्यांच्यापेक्षा कडक आहे. परिचयापुरता लिहिलेला उच्चारसुद्धा मुले वहीत उतरवून घेतात आणि घरी अभ्यास करताना केवळ तीच ओळ वाचतात. पालकांना वाटते मूल इंग्रजी वाचते आहे. प्रत्यक्षात ते देवनागरी वाचत असते. शब्दाजवळ चित्र असावे, वाटल्यास मराठी अर्थ असावा, पण उच्चार देवनागरीत नसावा. उच्चार शिक्षकाच्या तोंडून यावा आणि अक्षरांवरून काढला जावा.

यापेक्षा मोठी एक अडचण आहे व ती क्वचितच कोणी बोलून दाखवते. आपली मुले रोमन अक्षरे प्रथम इंग्रजी पुस्तकात पाहत नाहीत. ती स्वतःच्या आधार कार्डावर, दुकानांच्या पाट्यांवर आणि रेल्वे स्थानकाच्या फलकावर पाहतात, आणि तेथे लिहिलेली असतात ती आपली नावे. ‘खानापूर’मध्ये ‘ए’ म्हणजे ‘आ’ असतो. ‘बेळगावी’ या एकाच नावात ‘ए’ एका ठिकाणी ‘अ’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘आ’ असतो. ‘पूर’मधील ‘यू’ म्हणजे ‘ऊ’. मग इंग्रजीचा तास सुरू होतो आणि ‘बॅग’मध्ये तोच ‘ए’ ‘ॲ’ होतो, ‘बस’मध्ये तोच ‘यू’ ‘अ’ होतो. माझ्या वर्गात ‘बस’ हा शब्द ‘बी, ए, एस’ असा लिहिणारी मुले दरवर्षी असतात. ते मूल चुकीचे ऐकत नाही. शब्दात तीन ध्वनी आहेत, ते कोणत्या क्रमाने येतात आणि मधला ‘अ’ आहे, हे सगळे त्याने अचूक ओळखलेले असते. ‘अ’साठी त्याने नावांतला नियम लावलेला असतो, इतकेच.

म्हणून मी भिंतीवर दोन वेगळे तक्ते लावते. एकावर मुलांची आणि गावांची नावे, दुसऱ्यावर इंग्रजी शब्द. नावांमध्ये अक्षरे मराठीप्रमाणे वागतात आणि शब्दांमध्ये इंग्रजीप्रमाणे वागतात, असे सरळ सांगितले की मुलांचा गोंधळ बराच निवळतो. तुमच्या भागात खानापूर आणि लोंढा स्थानकांचे फलक मुलांच्या पाहण्यातले असतील, त्यांचा उपयोग होईल.

लेखनाविषयी सरांनी लिहिले नाही, म्हणून थोडे लिहिते. चार रेघांच्या वहीत सुंदर उतरवून काढणे हा हाताचा सराव आहे आणि त्याला त्याची जागा आहे, पण ते लेखन नव्हे. लेखन म्हणजे मुलाला काही सांगायचे आहे आणि ते कागदावर येते आहे. आमच्याकडे गुऱ्हाळे सुरू झाली की मुलांच्या बोलण्यात दुसरा विषय नसतो. एकदा मी त्यांना मराठीत भरपूर बोलू दिले आणि त्यांच्या सांगण्यातून तीन ओळी इंग्रजीत फळ्यावर लिहिल्या. ‘द पॅन इज बिग. द पॅन इज हॉट. रन, रन!’ काहिलीचे, म्हणजे रस उकळण्याच्या मोठ्या कढईचे चित्र मुलांनीच काढले. पॅन, बिग, हॉट, रन हे चारही शब्द त्यांना ध्वनी जोडून वाचता येण्यासारखे होते. ‘द’ आणि ‘इज’ मात्र ओळखीने वाचायचे होते. तो कागद मुलांनी इतक्या वेळा वाचला की कडा फाटल्या. पाठ्यपुस्तकातील एखाद्या धड्यावर तेवढा वेळ त्यांनी स्वतःहून कधी घालवलेला मी पाहिला नाही.

‘द’, ‘इज’, ‘वॉज’, ‘सेड’ यांसारखे वारंवार येणारे आणि नियमात न बसणारे शब्द नजरेने ओळखू यावेत, हे आवश्यक आहे. डोल्च या अमेरिकन अभ्यासकांनी 1936 मध्ये केलेली 220 शब्दांची यादी आजही अनेक ठिकाणी वापरली जाते. ती पूर्ण यादी भिंतीवर लावून पाठ करून घेऊ नये. गोष्टीत जे शब्द येतील ते त्या आठवड्यात घ्यावेत आणि त्यांतही जेवढे अक्षर नियमाने वागते तेवढे दाखवून द्यावे. ‘सेड’मध्ये पहिले आणि शेवटचे अक्षर सरळच आहे, अडचण फक्त मधल्या जोडीची आहे.

प्रतिसाद
पालक, बेळगाव उपनगर

मी शिक्षक नाही, परंतु हा धागा लक्षपूर्वक वाचला. माझी मुलगी मराठी शाळेत दुसरीत शिकते. शेजारच्या बहुतेक घरांतील मुले इंग्रजी माध्यमात आहेत आणि तुम्ही घरी निदान इंग्रजीत बोला, म्हणजे ती मागे पडणार नाही, असे आम्हाला सतत सांगितले जाते. आम्हा दोघांनाही इंग्रजी समजते, पण सहज बोलता येत नाही. घरी मोडके इंग्रजी बोलल्याने तिचा फायदा होईल की नुकसान, हे कृपया कोणी सांगावे.

उत्तर
निवृत्त प्रशिक्षक, बेळगाव

दादा, घरी मराठीतच बोला आणि भरपूर बोला. जी भाषा आपल्याला सहज येत नाही तिच्यात आपण मुलांशी कमी बोलतो. ‘कम’, ‘ईट’, ‘स्लीप’ एवढ्यावरच संवाद आटोपतो आणि कारणे, आठवणी, गोष्टी, वाद हे सगळे गळून पडते. मुलाची समज त्यांतूनच वाढते. एका भाषेत कमावलेली समज आणि वाचनाचे कौशल्य दुसऱ्या भाषेत उतरते, हा सिद्धांत जिम कमिन्स यांनी 1979 च्या सुमारास मांडला आणि बहुभाषिक शिक्षणाचा बराचसा विचार त्यावर उभा आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. रोज रात्री तिला मराठी पुस्तक वाचून दाखवा, तिच्याकडून वाचून घ्या. इंग्रजीसाठी तिच्या शाळेतील गोष्ट तिला तुम्हाला वाचून दाखवू द्या आणि अडली तर पहिला ध्वनी कोणता, एवढेच विचारा.

पुन्हा प्रश्न
शिक्षिका, खानापूर तालुका

सर्वांचे मनापासून आभार. ‘बी, ए, एस’ असे लिहिणारी मुले माझ्याही वर्गात आहेत आणि त्यामागचे कारण वाचून फार उलगडा झाला. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. कन्नड शिकवण्याशी या सगळ्याचा मेळ कसा घालावा? आणि परीक्षेत पाठ केलेली उत्तरे विचारली जात असताना मुलांना खरोखर वाचता येऊ लागले आहे की नाही, हे मी कशावरून ओळखावे? माझे स्वतःचे उच्चार इंग्रजांसारखे नाहीत, याचीही मनात धास्ती असते.

उत्तर
इंग्रजी विषय शिक्षक, कन्नड शाळा, चिकोडी शैक्षणिक जिल्हा

बाई, नमस्कार. मी मराठीभाषक आहे आणि कन्नड माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून कन्नडच्या बाजूने लिहितो.

कन्नड आणि देवनागरी या लिप्या दिसायला वेगळ्या असल्या तरी त्यांची घडण एकच आहे. वर्णमालेचा क्रम तोच, व्यंजनाला स्वरचिन्ह जोडण्याची रीत तीच. मराठी वाचणाऱ्या मुलाला कन्नडमध्ये नवी चिन्हे शिकायची असतात, वाचनाची नवी पद्धत नव्हे. इंग्रजीत मात्र पद्धतच नवी असते. म्हणून मराठी वाचन स्थिर होईपर्यंत कन्नड आणि इंग्रजी दोन्ही मुख्यतः तोंडी ठेवावे, त्यानंतर कन्नड अक्षरे घ्यावीत आणि इंग्रजीचे ध्वनी सावकाश, पण रोज घेत राहावे. वेळापत्रक आपल्या हातात नसते, परंतु त्या तासात लिपीवर किती भर द्यायचा, हे पुष्कळसे आपल्याच हातात असते. नवे कन्नड अक्षर आणि नवे इंग्रजी अक्षर एकाच दिवशी देऊ नये, एवढे तरी जरूर पाळावे. आमच्या शाळेतील मुले ‘बस्सु’, ‘कप्पु’ असे शब्दाच्या शेवटी स्वर लावून बोलतात, कारण कन्नडमध्ये शब्द बहुधा स्वरान्त असतात. तुमच्या मराठी मुलांना शेवटचे व्यंजन मोकळे म्हणण्याची सवय असल्यामुळे ‘पि’ला ‘न्’ जोडताना ही अडचण त्यांना येत नाही, हा तुमच्या वर्गाचा मोठा फायदा आहे.

उच्चारांची धास्ती सोडून द्यावी. ‘व्हॅन’ आणि ‘वेट’ यांतील पहिले ध्वनी इंग्रजीत वेगळे आहेत आणि आपण दोन्हींसाठी बहुधा एकच ‘व’ वापरतो. आपला ‘ट’ही त्यांच्यापेक्षा जीभ अधिक मागे वळवून येतो. भारतभर इंग्रजी बोलणारी माणसे असेच बोलतात आणि एकमेकांना नीट समजतात. ज्यामुळे अर्थ बदलतो तेवढे मात्र काटेकोर असावे. ‘पेन’ आणि ‘पॅन’, ‘बेड’ आणि ‘बॅड’ यांतील फरक मुलाच्या कानाला कळलाच पाहिजे. सुदैवाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ही चिन्हे मराठीने आधीच स्वीकारलेली असल्यामुळे तो तुमच्या मुलांना कठीण जात नाही.

तपासणीसाठी ‘असर’ या मुलांच्या शिक्षणाच्या स्थितीवरील देशव्यापी सर्वेक्षणातील इंग्रजी साधन उत्तम आहे. त्यात मोठी (कॅपिटल) अक्षरे, लहान (स्मॉल) अक्षरे, सोपे शब्द आणि सोपी वाक्ये अशा पायऱ्या आहेत आणि शब्द किंवा वाक्य वाचल्यावर त्याचा अर्थही विचारला जातो, तो मुलाने स्वतःच्या भाषेत सांगितला तरी चालतो. एकेका मुलाला जवळ बसवून ते घ्यावे. एका मुलाला फार वेळ लागत नाही. त्याच्या जोडीला मी माझी एक चाचणी ठेवतो. शिकवलेल्या अक्षरांचे, पण पुस्तकात कोठेही न आलेले पाच शब्द कागदावर लिहून मुलापुढे ठेवतो. पाठांतर तेथे उपयोगी पडत नाही. मूल अडखळत का होईना, ध्वनी जोडून वाचत असेल तर ते मार्गावर आहे. न वाचल्यास कोणता ध्वनी कच्चा आहे, ते तेथल्या तेथे दिसते आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलांचा गट वेगळा बसवता येतो. नली-कलीत गट करण्याची सोय मुळातच असल्यामुळे तुम्हाला हे आमच्यापेक्षा सोपे जाईल. केंद्र सरकारच्या निपुण भारत मोहिमेत 2026-27 पर्यंत तिसरीतील प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट आहे. अशा तपासणीच्या नोंदी तुमच्याकडे असतील तर सीआरपी (शाळांच्या समूहाला मार्गदर्शन करणारे अधिकारी) आल्यावर त्यांना वहीपेक्षा त्या दाखवाव्यात.

पुस्तकांसाठी ‘प्रथम बुक्स’ या मुलांची पुस्तके काढणाऱ्या संस्थेचे ‘स्टोरीवीवर’ हे संकेतस्थळ पाहावे. ते 2015 पासून सुरू आहे आणि तेथील गोष्टी विनामूल्य उतरवून छापता येतात. एकच गोष्ट मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत मिळते आणि गोष्टींना वाचनाच्या पातळ्या दिलेल्या असतात. पहिल्या पातळीची गोष्ट आधी मराठीत वाचावी, दोन-तीन दिवसांनी तीच इंग्रजीत वाचून दाखवावी. कथानक ठाऊक असल्यामुळे मुलांचे सगळे लक्ष भाषेकडे जाते. मुलांनी पाने पाहून पुढे काय येणार ते सांगावे आणि ओळखीचे शब्द बोट ठेवून वाचावेत. तुमच्या शाळेत छपाईची सोय नसल्यास ड्रॉइंग शीटवर मोठ्या अक्षरांत एका पानावर एक वाक्य लिहून चित्रे मुलांकडून काढून घ्यावीत. अक्षरे मागच्या ओळीतील मुलाला दिसतील एवढी मोठी असावीत आणि सुरुवातीला सर्व मजकूर स्मॉल लिपीतच लिहावा, कॅपिटल अक्षर फक्त वाक्याच्या आरंभी आणि नावांना द्यावे.